बोटभर मोकळी जागा

वजन कमी करा म्हणणाऱ्या माणसाला मी एकच विचारते, कुठून? आमचे साहेब म्हणतात, ते तुम्ही बघा. पंचवीस वर्षं मी तेच बघत आलेय.

आमच्या कारखान्यात मोठे ट्रान्सफॉर्मर बनतात आणि ते आधी कागदावर मी बनवते. मोठे म्हणजे रस्त्यातल्या खांबावर लटकणारे नव्हेत. एका खोलीएवढी लोखंडी टाकी, तिच्यात पोलादी पत्र्यांचा कोअर, कोअरभोवती तांब्याच्या कॉइल आणि सगळं तेलात बुडालेलं. अशा वस्तूला हलकं व्हायला सांगणं म्हणजे हत्तीला पोट आत घ्यायला सांगण्यासारखं आहे. पण सांगणाऱ्याचं काय जातं?

ह्या वेळी निदान कारण खरं होतं. नदीपलीकडच्या गावाचा जुना ट्रान्सफॉर्मर मरायला टेकला होता. चाळीस वर्षांपूर्वी तो पुलावरून गेला तेव्हा पूल नवा होता. आता पुलाला तडे गेलेत. पूलवाल्या इंजिनियरने लिहून दिलं, गाडी आणि माल मिळून साठ टन, वर एक किलो नाही. गाडीच अठरा टनांची. तेल वेगळ्या टँकरने नेता येतं, ते मोजायचं नाही. म्हणजे टाकी, कोअर, कॉइल, सगळं मिळून माझ्या वाट्याला बेचाळीस टन आले. जुना होता चोपन्नचा. आणि गावाला वीज पूर्वीपेक्षा दीडपट हवी होती. आहे की नाही मजा?

त्या गावच्या सबस्टेशनमध्ये माझा धाकटा भाऊ ऑपरेटर आहे. वय सेहेचाळीस, वजन नव्वद, आणि मी त्याला अजून छोट्याच म्हणते. तासातासाला ट्रान्सफॉर्मरजवळ जायचं, तेलाचं आणि कॉइलचं तापमान वाचायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, काही बिघडलं तर स्विच पाडायचा. ही त्याची नोकरी.

रोज दुपारी चारचं रीडिंग झालं की तो मला फोन करायचा.

"ताई, कधी देतेस?"

"तू दहा किलो कमी कर, मग देते."

"माझ्या दहा किलोने तुझं भागेल का? चहावाला मला मुद्दाम गार चहा देतो गं. गावात चार तास वीज, चार तास अंधार. जसं काही मीच घरी बटण घेऊन बसलोय. परवा हॉस्पिटलात खिडकीच्या उजेडात बाळंतपण केलं म्हणे. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलत नाहीत."

तो हसून सांगायचा, पण मला कळायचं. आई गेल्यावर ह्याला मीच वाढवलाय. शाळेला दांडी मारायला हा काखेत गरम कपड्याची घडी धरून ताप आणायचा. एकदा मी कान धरून सांगितलं होतं, जो आकडा आहे तोच सांगायचा, आकड्यात खोटेपणा केलास तर जेवायला वाढणार नाही. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. आकड्याच्या बाबतीत तरी.

मी कामाला लागले. जास्त महागामोलाचं पोलाद घेतलं, कोअर बारीक झाला. तांब्यावर जास्त उष्णता सोसणारा कागद घेतला. म्हणजे तांबं बारीक घेता येतं, ते तापलं तरी कागद जळत नाही. टाकीवाल्याने जाड पत्रा सोडून पातळ पत्रा घेतला आणि बाहेरून फासळ्या मारल्या. सगळं पिळून पिळून चव्वेचाळीस टनांवर आलं. तिथे घोडं अडलं. महिनाभर मी घरीदारी सगळ्यांचं डोकं खाल्लं. साहेब रोज येऊन टेबलाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, दोनच टन तर राहिलेत. दोनच. जसे काही माझ्या पर्समध्ये पडलेत.

मग एका सकाळी ड्रॉइंगमध्ये मला ती जागा दिसली.

कोअर आणि त्याच्या सगळ्यात जवळची कॉइल, ह्यांच्यामध्ये पोकळी असते. तिच्यात घट्ट पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या गोलाकार बसवतात, सोळा. कॉइलला आतून आधार त्यांचा. त्या पोकळीत हिशेबाला लागते त्यापेक्षा बोटभर जास्त जागा सोडलेली होती. आमच्या प्रत्येक जुन्या ड्रॉइंगमध्ये ती होती. मी माझ्या आधीच्या डिझायनरकडून उचलली, त्याने त्याच्या आधीच्याकडून. का सोडली, कुठे लिहिलेलं नाही. आता बोटभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण आतली कॉइल बोटभर आत आली की बाहेरची आत येते, तांब्याचा प्रत्येक वेढा आखूड होतो, कोअरचा वरचा खालचा आडवा भाग आखूड होतो, टाकी लहान होते. मी गणित केलं. दोन टन दोनशे किलो. मी खुर्चीतच हसायला लागले. पंचवीस वर्षं मी हवा वाहून नेत होते.

ड्रॉइंग खाली गेलं आणि दुसऱ्या दिवशी मास्तर वर आले.

मास्तर म्हणजे आमचे कॉइल गुंडाळणारे. अडतीस वर्षं एकच काम. मास्तर कधी वर येत नाहीत, आम्हीच खाली जातो. त्यांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि त्या पोकळीवर बोट ठेवलं.

"बाई, इथली जागा कुठे गेली?"

"काढली. हवा भरलेली होती नुसती."

"हवा नसते ती," मास्तर म्हणाले. "तिथे आम्ही पदरच्या पट्ट्या घालतो."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रॉइंगमध्ये सोळा पट्ट्या असतात. पोकळी ऐसपैस असल्यामुळे मास्तर दोन पट्ट्यांच्या मध्ये आणखी एक सहज सरकवायचे. म्हणजे बत्तीस. अडतीस वर्षं. त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, कागदावरचं ते साहेबलोकांचं, त्यात थोडं आपल्या पदरचं घालायचं, वस्तू आपल्या हातून जाते. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. चूक झाली असं त्यांना वाटतही नव्हतं. पाहुण्याला अर्धा कप चहा जास्त ओतल्यासारखं त्यांनी ते सांगितलं.

मी तोंडाने फटकळ आहे, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, मास्तर, त्या फटींतून तेल वर चढतं. ह्या वेळी तांबं बारीक आहे, ते तापणार, तेल खेळतं राहिलं पाहिजे. तुम्ही फटी बुजवल्यात तर कॉइल भाजून निघेल. तिथे माझा सख्खा भाऊ आहे. तासातासाला त्या टाकीला खेटून उभा राहतो. गरम झालं तर आधी त्याला भोगावं लागेल. सोळा म्हणजे सोळा.

भावाचं मी मुद्दाम काढलं. मास्तरांना नुसता हिशेब सांगून ते ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मास्तरांनी त्या पोकळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "भाऊ आहे होय तुमचा? बरं. सोळा तर सोळा." आणि ड्रॉइंगची घडी घालून खाली गेले.

चार महिन्यांनी क्रेनने टाकी उचलली. क्रेनच्या काट्यावर आकडा आला, एक्केचाळीस टन आठशे. साहेब पेढे वाटल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवत सुटले. मास्तरांची ती शेवटची कॉइल होती, पुढच्या आठवड्यात ते निवृत्त झाले. आणि गाडी पुलावरून गेली तेव्हा छोट्याने पलीकडच्या टोकावरून मला फोनवर ऐकवत ठेवलं. टायरांची घरघर ऐकू येत होती. "आली, ताई," तो म्हणाला, "अर्ध्यावर आली. आता आलीच." मी इकडे जिन्यात उभी राहून रडत होते. लाज वाटत नाही मला सांगायला.

गावाला चोवीस तास वीज मिळायला लागली. चहावाला छोट्याला गरम चहा देऊ लागला.

सहाव्या आठवड्यात त्याने चारच्या फोनवर सहज सांगितलं, "काल वाऱ्याने फांदी तारांवर पडली. शॉर्ट झालं. स्विच पडला, पाच मिनिटांत परत चालू केलं. पण ताई, त्या वेळी आतून ठण्ण आवाज आला बरं का. टाकीला आतून कोणी घण मारल्यासारखा."

"जुना करायचा का असा?"

"जुना नुसता गुरगुरायचा."

फोन ठेवला आणि रात्री माझं जेवणात लक्ष लागेना. बाहेर तारांवर शॉर्ट झालं की ट्रान्सफॉर्मरमधून नेहमीच्या दसपट वीज धावते आणि आतली कॉइल कोअरकडे दाबली जाते. पहिला झटका पापणी लवायच्या आत बसतो, कुठलाच स्विच तेवढा चपळ नसतो. तो झटका सोसायचं काम त्या पट्ट्यांचं. सोळा पट्ट्या पुरतात हे मी हिशेबाने दाखवलं होतं. त्या हिशेबात एक ठरलेला आकडा येतो. तो आमच्या कारखान्याचा घरचा आकडा आहे, तीस वर्षं सगळे तोच वापरतात. तो आला कुठून, हे मी कधी विचारलं नव्हतं. कोणी विचारलं नाही म्हणून मास्तरांनी सांगितलं नाही, ह्यावर मी चिडले होते. मला तरी कुठे सुचलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कपाटातून चाचणीच्या वह्या काढल्या. तीस वर्षांपूर्वी आमचे पाच ट्रान्सफॉर्मर चाचणीच्या मैदानावर नेऊन मुद्दाम शॉर्ट केले होते, कितव्या झटक्याला मोडतात ते बघायला. त्या पाचांवरून तो आकडा काढला होता. वहीच्या शेवटी चाचणी घेणाऱ्याचं नाव नव्हतं, पण कॉइल कोणी गुंडाळल्या त्याची सही होती. पाचही ठिकाणी मास्तरांची.

म्हणजे आम्ही सोळा पट्ट्यांची ताकद म्हणून जी तीस वर्षं लिहीत आलो, ती बत्तीस पट्ट्यांची होती.

मी वही मिटली. मग सोळाने गणित केलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा संगणकाला बाजूला ठेवून हाताने. उत्तर तेच येत होतं. कॉइल पहिल्या झटक्यात मोडणार नव्हती. थोडी आत वाकणार, दुसऱ्यात आणखी थोडी, आणि मग एखाद्या झटक्यात एका वेढ्याचं तांबं दुसऱ्याला टेकणार. तेव्हा आतलं तेल पेट घेतं आणि टाकी फाटते. पाच झटके सोसेल की आठ, हे मला सांगता येत नव्हतं. ट्रान्सफॉर्मरजवळ त्या वेळी कोणी नसावं, एवढंच सांगता येत होतं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गणित तुमचंच होतं ना?" होय म्हटलं, माझंच होतं, खापर माझ्यावर फोडा, पण तो बंद करा. वीज खात्याचे मोठे साहेब आले, माणसं तपासणीचं यंत्र घेऊन गावाला गेली. कॉइल किंचित सरकलीय असं त्यांनाही दिसलं. मग बैठक झाली. दुरुस्ती करायची तर कॉइल बाहेर काढावी लागते, ती कारखान्यातच. म्हणजे परत पुलावरून आणा, सहा महिने ठेवा. आणि गावाचं? जुना तर भंगारात तुकडे होऊन गेला. दुसरा बेचाळीस टनांचा जगात कोणाकडे तयार पडलेला नव्हता. हॉस्पिटल, पाण्याचे पंप, सगळं गाव त्या एकावर. झटका बोथट करणारी एक वेगळी कॉइल तारेवर बसवता येते, ती मागवली. नऊ महिने लागतील म्हणाले. तोपर्यंत झाडं छाटू, चालू ठेवा, लक्ष ठेवा, असं ठरलं.

लक्ष ठेवा म्हणजे तासातासाला जवळ जाऊन बघा. म्हणजे छोट्या.

मी तीन ठिकाणी लेखी दिलं. दोन ठिकाणांहून पोच आली. एकाने माझे आभार मानले. आता माझ्या हातात काय उरलं होतं? मी छोट्याला सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट.

"म्हणजे ह्याला झटके मोजून मिळालेत," तो म्हणाला.

"हो. आणि तू जवळ जायचं नाहीस. खोलीत बस. रीडिंग अंदाजाने लिही. तेल साठ, कॉइल ऐंशी, रोज तेच असतं. कोण बघायला येतंय?"

"तू सांगतेस हे?"

"मी सांगतेय."

"तापमान खरंच चढलं आणि मी अंदाजाने साठ लिहिलं, तर? मला खोलीत बसून कळणार कसं?" मग नेहमीसारखा हसला. "तूच म्हणायचीस, आकड्यात खोटेपणा केलास तर जेवायला वाढणार नाही. आता बायको वाढते, पण सवय लागली ना, ताई."

"अरे, बदली माग. आजारी पड. ताप आण, येतो ना तुला आणता."

"आणि माझ्या जागी दुसरा जाईल. त्यालाही ताई असेलच की."

मी त्याला वाटेल ते बोलले. गाढव म्हटलं, आईची शपथ घातली. तो म्हणाला, बरं ठेवतो, पाचचं रीडिंग घ्यायचंय.

त्यानंतर आणखी तीन शॉर्ट झाले. एकदा पतंगाचा मांजा, एकदा खारूताई, एकदा नुसताच वारा. दर वेळी ठण्ण. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते. चार झाल्यात.

चौथ्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. मास्तरांनी अडतीस वर्षं कोणाचं ऐकलं नव्हतं. माझं तरी कशाला ऐकलं असेल? माणसाचा हात असा एका दिवसात बदलतो का? बाईंपुढे बरं म्हणाले असतील आणि खाली जाऊन घातल्या असतील आपल्या मनाने, सोळा नाहीतर चार तरी, आठ तरी. हिशेबाने आठही पुरत होत्या. आवाज काय, पातळ टाकीमुळेही येत असेल. यंत्रवाले म्हणाले ते किंचितच तर होतं. मी इतकी वर्षं लोकांना ड्रॉइंगप्रमाणे वागा म्हणून ओरडत आले, आणि आता माझं सगळं ह्यावर आलं होतं की एका म्हाताऱ्याने मला फसवलेलं असावं.

रविवारी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत तुळतुळीत पुसलेला रेडिओ. मास्तर बनियनवर होते, मला बघून घाईने शर्ट घालून आले. सुनेला चहा टाकायला सांगितला. मी येईन असं त्यांना वाटलंच नव्हतं, ते सारखं म्हणत होते, बाई आमच्याकडे, बाई आमच्याकडे.

मला फार वेळ थांबवेना.

"मास्तर, एक विचारते. रागावणार नाही, शप्पथ. त्या शेवटच्या कॉइलमध्ये तुम्ही पदरच्या पट्ट्या घातल्यात ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला.

"नाही, बाई."

"थोड्या घातल्या असतील. मी कोणाला सांगणार नाही. चार-आठ?"

"बाई, तुम्ही म्हणालात ना, भाऊ आहे तिथे. गरम झालं तर त्याला भोगावं लागेल म्हणालात." ते पुढे सरकले. "मला हात आवरत नव्हता, खोटं कशाला बोलू. कापून ठेवल्या होत्या मी सोळा, खिशात होत्या. पण म्हटलं नाही, बाईंचा भाऊ आहे. नाही घातल्या. मग मनात शंका आली, सवयीने एखादी सरकवली तर नसेल? म्हणून यंत्रावरून उतरवलेली कॉइल पुन्हा चढवून पट्ट्या मोजल्या. सोळाच होत्या. तुमच्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

ते आत गेले आणि एक जुना डबा घेऊन आले. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या, कडा काचेने घासून गुळगुळीत केलेल्या.

"ह्या बघा. मोजा पाहिजे तर."

मी मोजल्या. सोळा होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चार वाजले होते.

"ताई, तेल एकसष्ट, कॉइल ब्याऐंशी," छोट्या म्हणाला. मागे टाकीची गुणगुण ऐकू येत होती, म्हणजे तो तिला खेटूनच उभा होता. "वारा सुटलाय इकडे जरा. जेवलीस का?"

जेवले, म्हटलं. आत जा आता, म्हटलं. हो हो, म्हणाला.

फोन ठेवला तर मास्तर माझ्याकडेच बघत होते.

"भाऊ का? काय म्हणतोय, तापत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर," मास्तर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "तुमचं ऐकलं ते बरं झालं, बाई. चहा घ्या, गार होतोय."

मी पट्ट्या परत दोऱ्याने बांधल्या, डब्यात ठेवल्या आणि चहा घेतला.